उताराला राहणारी माणसे

मागच्या मे महिन्यात गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका गावात पाणी तपासायला बसलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथेच राहायचे आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. त्यांच्यातली एक ताई खालच्या वस्तीतल्या हातपंपाचे पाणी बाटलीत भरून घेऊन आली. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. तिने काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घेतले, पुडीतली पावडर टाकली, तोंडाला बूच लावून नळी हलवली आणि उजेडाकडे धरली. पाणी आधी फिकट गुलाबी झाले, मग डाळिंबाच्या दाण्यासारखे, मग त्याहून गडद. रंगाच्या पट्टीवरचा शेवटचा चौकोन आमच्या नळीपुढे फिका दिसत होता.

"सर, हे नायट्रेटच ना?"

"हो."

"किती असावं?"

"लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत."

ती बराच वेळ नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी पोरगी बाळंतपणाला आलीय. उद्या लेकराला वरचं दूध द्यायची पाळी आली तर ह्याच पाण्यात कालवावं लागंल."

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते आणि रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो. बाळाचे ओठ आणि नखे निळी पडतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात भूजलातल्या नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेले म्हणून देशातल्या ज्या 15 जिल्ह्यांची नावे आली, त्यांत सात जिल्हे आपले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. शेतात ओतलेला युरिया हे त्याचे मोठे कारण. घरामागचे उकिरडे हे दुसरे. तिसरे कारण आपण स्वतः आहोत, आपल्या अंगातून रोज बाहेर पडणारे नत्र. त्याबद्दल बोलायला आपली जीभ अडखळते.

त्या दुपारी मी हातपंपापासून निघालो आणि गटाराच्या कडेकडेने उलटा, चढाला चालत गेलो. पंपाचा ओटा फुटलेला. त्याच्यापासून चार पावलांवर गटार संपते, म्हणजे त्याला पुढे वाटच नाही. तिथे शेवाळाने हिरवे पडलेले डबके आहे. डबक्याच्या कडेच्या घरातल्या आजींनी उंबऱ्यासमोर एक शहाबादी फरशी आडवी टाकली आहे. पावसाळ्यात रोज संध्याकाळी ती उभी करून दाराशी लावायची आणि फटी चिंध्यांनी बुजवायच्या, असा त्यांचा वीस वर्षांचा नेम. फरशीची एक कड त्यांच्या हातांनी गुळगुळीत झाली आहे.

तिथून वर चालत गेलो तसे गटार अरुंद आणि नीटस होत गेले. मधल्या आळीत त्याला सिमेंटच्या कडा आल्या. वरच्या आळीत ते झाकलेले होते. टाइल्सची घरे, दाराशी मोटारसायकली, एखादी चारचाकी. पण कंपाउंडच्या भिंतींच्या पायाशी वाकून पाहिले तर जवळजवळ प्रत्येक भिंतीतून चार इंची पीव्हीसी पाइप बाहेर आलेला दिसला. पाइपाच्या तोंडाशी काळा ओघळ. त्या आळीत मी सतरा घरे मोजली आणि चौदा पाइप. घराच्या संडासाची सेप्टिकची टाकी भरू नये म्हणून तिचे वरचे पाणी थेट गटारात सोडलेले होते. एका घरमालकांना मी विचारले. माणूस सज्जन, पतसंस्थेत नोकरी, दरवर्षी आषाढीला पंढरीला जाणारा.

"हे पाणी कुठं जातं?"

"खाली जातं."

एवढ्या सहजतेने त्यांनी ते सांगितले की मला पुढे बोलवेना. 'खाली' म्हणजे कुठे, कोणाच्या दाराशी, कोणाच्या पंपाखाली, हा प्रश्न त्यांच्या मनाला कधी शिवलेलाच नव्हता. मी त्यांना बोल लावू शकलो नाही, कारण तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांनी बांधलेल्या घराला तोच पाइप होता. मी त्या घरात बावीस वर्षे राहिलो. पाणी, पर्यावरण यावर व्याख्याने देऊन त्याच घरी परत यायचो. तो पाइप आमच्या मागच्या भिंतीतून कुठल्या अंगणात उतरत होता हे पाहायला मी एकदाही मागे गेलो नाही. ज्या दिवशी गेलो त्या दिवशी कळले की मागच्या बाजूला एक बाई पत्र्याच्या खोलीत दोन मुले वाढवत होती आणि तिने आमच्या पाइपाखाली घमेले लावून ठेवले होते. भरले की ती ते लांब नेऊन ओतायची. आम्हाला ती एका शब्दाने बोलली नव्हती. बोलण्याचा उपयोग नाही, हे तिला पिढ्यांनी शिकवले होते.

गावाचा उतार देवाने दिला असेल. पण त्या उतारावर कोणी कुठे राहायचे हे माणसांनी ठरवले. मराठी गावाची जुनी मांडणी पाहा: वाडे, देऊळ, चावडी उंचावर; गावकुसाबाहेरची वस्ती ओढ्याच्या काठी, सखलात, बहुतेक ठिकाणी पाण्याच्या खालच्या अंगाला. वरच्यांनी वापरलेले पाणी खालच्यांकडे जावे आणि खालच्यांच्या स्पर्शाचे पाणी वरच्यांकडे कधीच येऊ नये, असा तो बंदोबस्त होता. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून गावातल्या सवर्णांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून ते शुद्ध करून घेतले. ज्या पदार्थांतल्या नत्राने आणि स्फुरदाने पाणी खरोखर नासते, ते पाण्यात ओतायचे याला शुद्धी म्हटले गेले. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीला विटाळ म्हटले गेले. जवळजवळ शंभर वर्षे झाली. कायदे झाले, वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णयही 2020 मध्ये झाला. गटार मात्र त्याच वस्तीत संपते.

आणि त्या चौदा पाइपांच्या मुळाशीही जातच आहे. शासनाने ग्रामीण संडासासाठी जी रचना सांगितली ती दोन शोषखड्ड्यांची होती. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला की आतल्या मैल्याचे वास नसलेले, मातीसारखे खत होते. फावड्याने काढून शेतात टाकता येते. आपल्या भाषेने त्याला फार पूर्वीच सोनखत म्हटले आहे. शेतकरी समाजाची पारख त्या एका शब्दात आहे. पण घर बांधताना लोक दोन खड्डे नको म्हणतात आणि खोलीएवढी सेप्टिकची टाकी बांधतात. कारण विचारले तर उत्तर येते, "खड्डा उपसायचा कोणी?" ते हात दुसऱ्या कोणाचे तरी असले पाहिजेत, हे आधीच ठरलेले आहे. तसे हात आज गावात मिळत नाहीत, मिळू नयेतही. मग टाकी मोठी होते, तिचे वरचे पाणी पाइपातून बाहेर येते आणि जे सोनखत व्हायचे ते हातपंपाचे विष होते.

माणसाने खाल्लेल्या अन्नातले नत्र आणि स्फुरद जवळजवळ सगळेच्या सगळे पुन्हा बाहेर पडते, त्यातही बहुतेक लघवीतून. आपल्यासारखा आहार असलेल्या माणसामागे वर्षाला सुमारे अडीच ते तीन किलो नत्र आणि अर्ध्या किलोच्या आत-बाहेर स्फुरद. तीन हजार वस्तीच्या गावाचा हिशेब केला तर नत्र साडेसात ते नऊ टन भरते. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र साधारण 21 किलो. म्हणजे साडेतीनशे ते सव्वाचारशे गोण्या. खरिपाच्या तोंडावर ह्याच गावातला शेतकरी कृषी केंद्रासमोर पहाटेपासून रांगेत उभा असतो, आणि त्याच्या घरातून तेच नत्र रात्रंदिवस ओढ्याकडे वाहत असते. स्फुरदाची गोष्ट त्याहून कठीण. ते कारखान्यात हवेतून काढता येत नाही, खडकातून खणावे लागते आणि आपल्या देशाला ते मोठ्या प्रमाणात बाहेरून आणावे लागते.

ओढ्यात, पाझर तलावात, गावतळ्यात हे नत्र आणि स्फुरद उतरले की पाण्याला खत मिळते. एक किलो स्फुरदावर शंभर किलोहून जास्त शेवाळ, तेही वाळवून तोललेले, पोसता येते. जलपर्णीला अशी खुराकी मिळाली तर पंधरवड्यात ती दुप्पट पसरते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री स्वतःच ओढून घेते; म्हणून मासे पहाटे मरतात आणि सकाळी गुराखी पोराला ते पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. काही निळे-हिरवे शेवाळ जनावरांना विषारी असते. सांडपाणी नुसते निवळले म्हणून काही साधत नाही, हे गावकऱ्यांनाच काय, पुष्कळ इंजिनिअरांनाही पटत नाही. गाळ बसला, वास गेला, पाणी काचेसारखे दिसू लागले, तरी विरघळलेले नत्र आणि स्फुरद त्यात तसेच असते.

यावर उपाय नाहीत असे कोणी म्हणू नये. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे केले. खड्ड्यात विटा-दगडांचे तुकडे, मध्ये भोके पाडलेली टाकी, त्यात मोरीचे पाणी. उघडी गटारे गेली आणि डासही गेले. महाराष्ट्रभरची माणसे ते पाहायला गेली आणि रोजगार हमीतून असे खड्डे इतरत्रही झाले. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: शोषखड्डा पाणी मुरवतो, नत्र नाहीसे करत नाही. मोरीच्या आणि भांड्यांच्या पाण्यात नत्र थोडे असते, तिथे तो उत्तम. संडासाचे पाणी त्यात सोडले, खाली मुरूम आणि भेगाळलेला काळा पाषाण असला, आणि जवळच आड किंवा हातपंप असला, तर आपण नत्राला विहिरीची वाट दाखवतो. काळ्या चिकण जमिनीत तर खड्डे तुंबतातच. म्हणून पहिला नियम घरातच पाळायचा आहे: संडासाचे आणि मुतारीचे पाणी मोरीच्या पाण्यात मिसळायचे नाही. मोरीचे पाणी केळी, अळू, कर्दळीच्या आळ्यात जावे. आमच्या आजीच्या परसात न्हाणीमागे अळू आणि केळीच असायची. तिला स्फुरद हा शब्द ठाऊक नव्हता.

आज मात्र बहुतेक गावांत सगळे मिसळलेलेच आहे. नळाने माणशी 55 लिटर पाणी घरात आणायचे वचन शासनाने 2019 मध्ये दिले. त्यातले सुमारे 80 टक्के घराबाहेर पडते. तीन हजारांच्या गावात दिवसाला एक लाख तीस हजार लिटर. पाणी घरात येण्याचा सोहळा आपण केला, ते बाहेर कुठे जाईल याची बैठक कुठल्याच गावात झालेली मी पाहिली नाही. ह्या पाण्यासाठी विजेशिवाय चालणारी व्यवस्था माणसाला ठाऊक होऊन अनेक दशके लोटली. जर्मनीत केटे सायडेल ह्या विदुषीने पाणवनस्पतींच्या मुळांशी घाण पाणी कसे निवळते यावर 1950 च्या दशकात प्रयोग केले. आपल्या नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेने त्याच मार्गावर फायटोरिड नावाची पद्धत बसवली. तेलंगणातल्या कोठापल्लीत इक्रिसॅट ह्या शेती संशोधन संस्थेने गावाच्या सांडपाण्यासाठी असे वाफे करून पाणी शेतीला दिले.

रचना समजायला अवघड नाही. गटार ओढ्याला मिळण्याआधी त्याला जाळी. मग आतून आडव्या भिंती घातलेली झाकणबंद टाकी, तिच्यात पाणी दीड-दोन दिवस रेंगाळते आणि गाळ खाली बसतो. पुढे खडी-वाळूचे दोन-अडीच फूट खोल वाफे, तळाला चिकणमाती ठोकलेली किंवा जाड प्लॅस्टिक अंथरलेले, वर कर्दळ, पाणकणीस, वाळा. पाणी खडीच्या चार बोटे खालून वाहते, म्हणून डास होत नाहीत. गटारातले नत्र बहुतेक अमोनियाच्या रूपात येते. हवा भरपूर असली की एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हवा संपली आणि खायला कुजका अंश शिल्लक असला की दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नत्रवायू आकाशात सोडून देतात, जिथून तो मुळात आला होता. म्हणून वाफे दोन तऱ्हेचे लागतात: पहिल्यावर पाणी थांबून थांबून वरून सोडायचे, म्हणजे दोन पाळ्यांमध्ये खडी श्वास घेते, दुसऱ्यात ते आडवे, संथ, हवेवाचून वाहू द्यायचे. नुसता आडवा वाफा केला तर साधारण निम्मे नत्र जाते, निम्मे राहते. स्फुरद हवेत उडून जात नाही. त्याला चिकटायला लोह, अॅल्युमिनियम किंवा चुना असलेला दगड लागतो. कोकणातला आणि गोव्यातला जांभा त्या कामाचा आहे, देशावर विटांचे तुकडे थोडेफार काम देतात. वर्षे गेली की दगडाची धारणा संपते, तो बदलावा लागतो. झाडेही वेळेवर कापावी लागतात. कर्दळ उभी वाळू दिली तर तिने शोषलेले सगळे कुजून त्याच पाण्यात परत उतरते.

आपल्या उष्ण हवेत माणशी एक चौरस मीटर वाफा धरला तर तीन हजार वस्तीला तीस गुंठे पुरतात. वाफ्यातून बाहेर पडणारे उरलेसुरले नत्र आणि स्फुरद काढायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे पीक. ते पाणी पाच-सहा एकर उसाला वर्षभर पुरेल, गवताला आणि बांबूलाही चालेल. कच्च्या खायच्या पालेभाजीला ते देऊ नये, कारण रोगजंतू पूर्ण जात नाहीत. ज्या उताराने खालच्या वस्तीवर इतकी वर्षे अन्याय केला, तोच उतार हे सगळे पाणी मोटारीशिवाय शेतापर्यंत पोचवतो. पैशाचे म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत तरतूद केली गेली. तीन हजारांच्या गावाला आठ लाख चाळीस हजार होतात. त्यात ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे जोडता येतात. गावाची माती, गावचे हात आणि ओढ्याकाठची गायरान जमीन धरली तर काम उभे राहते. वेशीवर दगडी कमान बांधायला ह्याच गावांनी वर्गणी काढलेली मी पाहिली आहे.

मग का होत नाही? दुसऱ्या एका तालुक्यात मी असे वाफे पाहायला गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी बांधलेले, काम चांगले, उतार बरोबर. पण वाफे वाळलेले होते, कर्दळीच्या जागी काँग्रेस गवत. पाणी बाजूने फुटून पूर्वीच्याच वाटेने ओढ्यात चालले होते. वर गेलो तर जाळी तुंबलेली. वाकून पाहिले: शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे पुंजके, भाताची शिते, एक लहान मुलाचा बूट. दाताळे घेतले असते तर दहा मिनिटांचे काम. दिवसाला दहा मिनिटे. तेवढे काम दोन हजार माणसांच्या गावात कोणी केले नाही. पंचायतीने वस्तीतल्या एका तरुणाला बोलावले होते. तो बारावी झालेला. त्याने सांगितले, "माझा बाप हेच करून मेला. मी करणार नाही." तो शंभर टक्के बरोबर होता. त्याच्या नकारानंतर दुसऱ्या कोणाला विचारायचेही गावाला सुचले नाही, आणि अपराध तो हाच. आठ लाखांचे काम दहा मिनिटांच्या शिवाशिवीपायी मेले.

1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. उच्च जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर मिळाले. ते काम मिळावे म्हणून त्यांनी अन्न सोडले आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करण्यात आयुष्य घातले. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, जेवण नंतर. देहूच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. मापुसकरांनी संडास आणि मैल्यावरचा बायोगॅस यासाठी उभी हयात वेचली. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपण गाडगेबाबांच्या नावाने अभियान काढले, गावांना बक्षिसे वाटली. पण बाबांचा खराटा आपल्या हातात आला नाही. समितीच्या भेटीच्या आदल्या रात्री गाव चकाचक करणारे हातही बहुतेक ठिकाणी त्याच वस्तीतले होते. हे मी स्वतः पाहिले आहे, एकाहून अधिक गावांत, आणि तेव्हा गप्प राहिलो.

आज सगळ्यांचे लाडके काम म्हणजे बंदिस्त गटार. उद्घाटन होते, फलक लागतो, ठेकेदाराचे बिल निघते. गटारावर झाकण पडले की वरच्या आळीची घाण वरच्या आळीच्या नजरेआड होते. पाण्यातले एक कणभरही नत्र त्याने कमी होत नाही. उलट उघड्या मातीत वाटेत जे थोडे मुरत होते तेही आता जसेच्या तसे, वेगाने खाली पोचते. त्याच आळीत सकाळी टेम्पो येतो आणि वीस लिटरचे जार उतरवतो. ज्यांनी पाणी नासवले ते जारचे पाणी पितात. ज्यांचे नासले ते हातपंप मारतात. जार भरणाऱ्या प्लांटमधून नायट्रेटचे दाट झालेले टाकाऊ पाणी कुठे सोडतात हे मी पाहून आलो. ते त्याच गटारात जाते.

शहरातल्या वाचकांनी हे खेड्याचे प्रकरण समजून पान उलटू नये. पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेच्या खोऱ्यातून उजनीत उतरते, उजनीचे पाणी उन्हाळ्यात हिरवे पडते, आणि त्याच भीमेला पुढे पंढरपुरात आपण चंद्रभागा म्हणून हात जोडतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आलेला असताना वारकऱ्यांना त्यात स्नान करताना मी पाहिले आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून चालत आलेली ती म्हातारी माणसे फेस हाताने बाजूला सारत होती आणि मग ओंजळ भरत होती. वरचे आणि खालचे हे नाते गावातल्या आळीपुरते नाही. फरक इतकाच की शहराच्या पाइपाचे तोंड मोठे आहे.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला मी पुन्हा त्या पहिल्या गावी गेलो. ताईने किट सोबत आणले होते. सरपंचांच्या टेबलावर तिने दोन नळ्या मांडल्या, एकीत वरच्या आळीतल्या आडाचे पाणी, दुसरीत हातपंपाचे. सगळ्यांसमोर पावडर टाकली आणि घड्याळ लावून बसली. सभेत कोणी बोलेना. दुसरी नळी गडद झाल्यावर तिने ती हातात घेऊन रांगेरांगेतून फिरवली. मागच्या बाजूने एक गृहस्थ उठले.

"अहो, पण पाइप बंद केला तर आमची टाकी तुंबंल."

"तुंबू द्या की, दादा," ती म्हणाली. "टाकी तुमची हाय. पंप आमचा हाय."

मी तोवर तयार केलेले भाषण केले नाही. तिघांनी हात वर केले: पाइप बंद करतो, टाकीचे पाणी आपल्याच परसात, आडापासून लांब, कर्दळीच्या वाफ्यात सोडतो. त्यांच्यातले एक पतसंस्थेतले गृहस्थ होते. पुढच्या वाफ्यांसाठी ओढ्याकाठची जागा मोजायचे ठरले. जाळी साफ करायच्या पाळ्यांची यादी पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायला घेतली, वरच्या आळीच्या पहिल्या घरापासून. चौथ्या घरापर्यंत नावे आली आणि तिथे लिहिणे थांबले.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा चौदापैकी तीन पाइपांना झाकणे बसली होती. अकरा वाहत होते. फळ्यावरची चार नावे पुसट झाली होती, पण कोणी पुसली नव्हती. ताईने हातपंपाचे पाणी पुन्हा तपासून दाखवले, ते गडदच होते. तिच्या मुलीला मुलगी झाली आहे. बाळापुरते पाणी ती रोज सकाळी वरच्या आळीतल्या आडावरून आणते, एक कळशी डोक्यावर, एक कडेवर, गटाराच्या कडेकडेने उतार सांभाळत.